राजगडाच्या नेढ्यात बटाट्या

"राजगडाच्या नेढ्यात काय अडकलंय हो ते?"

"दिसतोय तर बटाटेवडा."

"आणि उतारावर हे बुळबुळीत?"

"फालुदा. यंदा फराळ किल्ल्यावरच मांडलेला दिसतोय."

पाडव्याची सकाळ होती. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबामागे, स्कूटरवर, हेल्मेट घालून बसले होते. चावी फिरवणार इतक्यात हे दोघं आले. एक सेक्रेटरी काका, हातात दुधाच्या पिशव्या. दुसरे ए बिल्डिंगमधले सर, हात पाठीमागे बांधलेले. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. जन्म पुण्यातल्या पेठेत काढला, मुलानं शहराबाहेर मांजरीत फ्लॅट घेतला म्हणून इकडे आले, आणि आल्या वर्षीच सोसायटीच्या किल्ला स्पर्धेचे परीक्षक झाले.

"मग सांगू का पोरांना ते काढायला?" काकांनी विचारलं.

"सांगा. संध्याकाळपर्यंत निघालं नाही तर सी बिल्डिंग बाद. राजगडावर मी पन्नास वेळा गेलोय. नेढ्यातून वारा येतो. वडा कधी आला नाही."

दोघं हसत लिफ्टकडे गेले. मी तशीच बसून राहिले. हेल्मेटच्या आत माझे कान तापले होते.

तो वडा मी केला होता. फालुदाही माझाच.

त्या वर्षी आम्ही त्या सोसायटीत नवीन होतो. आईबाबा आणि मी, सी बिल्डिंग, पहिला मजला, भाड्यानं. माझी नोकरी घरून होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून इंग्रजीत बोलायचं आणि संध्याकाळी कुणाशीच बोलायचं नाही, असं माझं छान चाललं होतं. माझं मराठी वाईट नाही. घरात मराठीच बोलतो. पण शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे बाहेर कुणा मोठ्या माणसाशी बोलायची वेळ आली की मी आधी वाक्य मनात जुळवते, मग तपासते, आणि तोवर ते काका "बरं, चालू द्या" म्हणून निघून गेलेले असतात. यावर मला एक उपाय सापडला होता. पार्किंगमध्ये पोचण्याआधीच हेल्मेट घालायचं. हेल्मेटवाल्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

फक्त त्या हेल्मेटवर एक स्टिकर होतं, आणि त्यानंच घात केला.

कॉलेजपासून मी एक गेम खेळते. तिचे आतापर्यंत तीन भाग आलेत. त्यात आपल्याकडे छोट्या छोट्या सैनिकांची फौज असते. डोंगर, गुहा, दलदल असा मुलूख एकेक करून सर करत जायचं. कुणाला कुठं पाठवायचं, किती जणांना मागं ठेवायचं, पूल आधी बांधायचा की पाणी आधी अडवायचं, सगळा डोक्याचा खेळ. शत्रू म्हणजे टेकडीएवढी मोठाली जनावरं. ती दिवसा झोपतात, आणि झोपलेली आहेत तोवरच आपलं काम उरकायचं असतं.

या जनावरांचं एक पिल्लू आहे. मला ते सगळ्या गेममध्ये सगळ्यात जास्त आवडतं. मुठीत मावेल एवढं, वांग्याच्या रंगाचं, पांढरे ठिपके, पाय अजून नीट फुटलेले नाहीत. आपली अख्खी फौज समोर उभी असते आणि हे एकटंच तिच्यावर चाल करून येतं. ओरडत येतं. अर्ध्या वाटेत स्वतःच्याच पोटाला अडखळून पालथं पडतं. मग उठून बसतं आणि जणू आपणच त्याला पाडलं अशा नजरेनं आपल्याकडे बघतं. दुसऱ्या भागात त्याला नवी खोड लावली आहे. दिसेल त्या भोकात डोकं घालायचं आणि अडकायचं. त्याला मारून काही मिळत नाही. उलट ते रडलं की आई जागी होते आणि आपली फौज सपाट. तरी बहुतेक खेळणारे जाता जाता त्याला मारतातच. एका फटक्यात मरतं, म्हणून.

मी आजवर एकदाही मारलेलं नाही. त्याच्यासाठी फौज लांबून वळवून नेते, वेळ जातो, कधीकधी हरते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

तर, त्या पिल्लाचं स्टिकर माझ्या हेल्मेटवर मागच्या बाजूला होतं. दिवाळीच्या आधी एकदा लिफ्टमध्ये माझ्या पाठीमागून आवाज आला, "ताई, तुझ्या डोक्यावर बटाट्या हाय."

त्या पिल्लाला पोरं बटाट्या म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मी वळले. आमच्या खालच्या, म्हणजे तळमजल्यावरच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी, लिफ्टनं उगाच खालीवर करणारी. तिला मी आधीपासून ओळखत होते, म्हणजे ऐकून. तिचा आवाज पार्किंगमधून निघाला की माझ्या बंद खिडकीतून आत यायचा. सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन तिच्या घरच्यांची होती, आणि ही गोष्ट ती नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगायची. कुणाच्याही गाडीखाली बोट दाखवून म्हणायची, "इथं आमचा ऊस होता." शाळेत ती माझ्यासारखीच इंग्रजी माध्यमात जायची. पण पार्किंगमध्ये तिची भाषा तिच्या आजोबांची होती. सी बिल्डिंगची सगळी पोरं तिला सेनापती म्हणायची. हे नाव तिनं स्वतःच स्वतःला दिलं होतं.

"तू पण खेळतेस?" मी विचारलं.

"लय. मी तर बटाट्याला पयला उडवते. टप्! मग त्याची आई येते. मग तिला पण उडवते."

"मी त्याला मारत नाही."

सेनापतीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दूध पीत नाही म्हणाले. लिफ्टचं दार उघडलं. मी हलायच्या आत ती बाहेर पडली, आणि दार बंद होता होता तिनं पाय मध्ये घातला. "ताई, तुला माती मळता येते का?"

असा माझा किल्ल्यात प्रवेश झाला.

सोसायटीचा नियम असा होता. तिन्ही बिल्डिंगच्या पोरांनी आपापल्या पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करायचा. पाडव्याला संध्याकाळी परीक्षण. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी माती उचलायची, कारण तिथं गाड्या लावायच्या असतात. फक्त पहिल्या नंबराचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवायचा. बाकी बक्षीस म्हणजे पेन्सिलींचा डबा, त्यात कुणाला रस नव्हता. सेनापतीला किल्ला ठेवायचा होता. मागच्या वर्षी बी उशिरा पेरलं आणि ते उगवायच्या आतच तिचा किल्ला उचलला गेला होता. तो टकला राहिल्याचं दुःख तिनं वर्षभर सांभाळलं होतं. "औंदा हिरवा झाल्याशिवाय मोडू द्यायचा न्हाय," ती म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

माती तिच्या घरच्या शेतातून आली. भिंतीपलीकडे त्यांचा थोडा ऊस अजून होता. राजगड ठरला. दोन दिवसांत तीन माच्या आणि बालेकिल्ला उभा राहिला. सुवेळा माचीवर नेढं केलं. खऱ्या राजगडावर कड्याला आरपार भोक आहे, सुईच्या नेढ्यासारखं, म्हणून त्याला नेढं म्हणतात. आम्ही ते नारळाच्या करवंटीला भोक पाडून आणि तिच्यावर माती थापून केलं. मी हे सगळं न बोलता करत होते, आणि मला फार मजा येत होती. कोपरापर्यंत चिखल, आणि पोरांच्या भांडणात मला कुणी मत विचारत नव्हतं. स्वर्ग.

मग सेनापती म्हणाली, "ताई, तू मोठी हायस. तू हळीव आण."

किल्ल्यावर हळीव पेरतात, दोन-तीन दिवसांत हिरवळ येते, एवढं मला माहीत होतं. हळीव दिसतात कसे ते मात्र माहीत नव्हतं. आई दर थंडीत त्याचे लाडू करते, ते मी लाडू म्हणूनच ओळखते. गेटसमोर वाण्याचं दुकान आहे. चार पावलं जाऊन "हळीव द्या" म्हणायचं. पण तिथं कायम गर्दी, आणि वाणी ओरडून विचारणार, "कशाला हवेत? किती?" मी वर गेले आणि फोनवरून मागवायला बसले. हळीव शिल्लक नाहीत, त्याऐवजी हे घ्या, असं आलं. फोटोत बारीक बी होतं. भिजवून खायचं, पौष्टिक, असं काहीतरी लिहिलं होतं. हळीवही भिजवतातच. मागवलं. आलं. पाकीट फोडून वाटीत ओतलं आणि विजयी मुद्रेनं खाली नेलं.

पोरांनी मुठी भरभरून पेरलं. उतारावर, माच्यांवर, बालेकिल्ल्यावर. मग सगळ्यांनी मिळून पाणी फवारलं, हवं त्याच्या तिप्पट.

थोड्या वेळानं एक पोरगा म्हणाला, "किल्ल्याला डोळे आलेत."

खरंच आले होते. प्रत्येक दाणा फुगून पारदर्शक, गुबगुबीत, मध्ये काळा ठिपका. हजारो डोळे. राजगड खालपासून वरपर्यंत बेडकाच्या अंड्यांनी भरल्यासारखा दिसत होता आणि सुवेळा माचीवरून हळूहळू घसरत होता. सेनापतीची आई आवाज ऐकून बाहेर आली, एक दाणा चिमटीत धरला आणि तिथंच कट्ट्यावर बसून हसायला लागली. "अगं, हा सब्जा आहे! फालुद्यातला!"

फालुदा मी आयुष्यभर खाल्लाय. सब्जा कोरडा असताना कसा दिसतो, हे पाहायची वेळच कधी आली नव्हती.

पोरं माझ्याकडे बघत होती. सेनापतीचा खालचा ओठ बाहेर आला होता. तिच्यासारखी पोरगी रडली तर मी घर सोडून जाणार होते. आणि तेव्हा मला ते दिसलं. गेमच्या तिन्ही भागांत बटाट्याचं बीळ असतं ना, त्याच्याभोवती हेच असतं. असलाच बुळबुळीत उतार, असलेच डोळे. मला हसू आलं. माझं हसू एकदा सुटलं की थांबत नाही, शाळेपासून ते मी दाबून ठेवत आलेय. त्या दिवशी नाही दाबता आलं. मी चिखलात मटकन बसले आणि हसत हसत कसंबसं म्हणाले, "बटाट्याचं घर."

सेनापतीनं उताराकडे पाहिलं. ओठ आत गेला. डोळे मोठे झाले. "आयला," ती म्हणाली. "खरंच की."

मग काय विचारता. मी शाडूचा बटाट्या केला. वांगी रंग, पांढरे ठिपके, मिऱ्याचे डोळे, तांदळाच्या दाण्याचा एकच दात. कुठं ठेवायचा यावर सैन्यात दोन तट पडले, पण सेनापतीनं त्याला उचललं आणि डोकं पुढं करून नेढ्यात खुपसलं. तो कमरेपर्यंत आत गेला आणि अडकला. एका बाजूनं चेहरा, दुसऱ्या बाजूनं ढुंगण. पोरं जमिनीवर लोळली.

सब्जाही उगवतो, असं सेनापतीच्या आईनं सांगितलं. फक्त हळिवापेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणजे पाडव्याला किल्ला हिरवा होणार नव्हता. भाऊबीजेनंतर उचलला गेला तर कधीच होणार नव्हता. सगळं त्या पहिल्या नंबरावर येऊन ठेपलं.

एक भांडण मात्र माझ्या आणि सेनापतीच्या मध्ये चालूच राहिलं, तेही न बोलता. बालेकिल्ल्यावर एक पितळेची तोफ होती, बोटाएवढी. सेनापतीनं ती बटाट्याच्या तोंडावर रोखली. मी दुपारी स्कूटर काढायला गेले तेव्हा ती हळूच उसाच्या दिशेला वळवली. संध्याकाळी पाहिलं तर परत बटाट्यावर. मी वळवली. सकाळी दूध आणायला गेले, तोफ बटाट्यावर. वळवली. दोघींपैकी कुणीही याबद्दल चकार शब्द काढला नाही. किल्ल्याजवळ भेटलो की ती आकाशाकडे बघायची आणि मी हेल्मेटचा पट्टा नीट करायचे. नरकचतुर्दशीला आईनं विचारलं, "तू हल्ली सारखी खाली काय जातेस?" मी म्हटलं, "तोफ." आईनं पुढं काही विचारलं नाही. माझ्या तोंडून ऑफिसबाहेरचा शब्द आला यातच ती खूश होती.

स्पर्धेत आणखी एक गोष्ट असायची. माहिती. प्रत्येक संघातल्या एकानं किल्ल्याशेजारी उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात किल्ल्याची माहिती सांगायची. त्याचे निम्मे गुण. आमची माहिती अर्थातच सेनापती सांगणार होती. आठवडाभर तिनं रोज संध्याकाळी माझ्या खिडकीखाली उभं राहून सराव केला. मी वर कॉलवर असायचे. परदेशातला कुणीतरी मला काहीतरी समजावत असायचा आणि खालून गर्जना यायची, "ह्यो राजगड हाय!" मी आवाज बंद करून घ्यायचे. कधी विसरायचे. एकदा त्या माणसानं विचारलं की तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना. मी म्हटलं, हो, किल्ला आहे.

तर पाडव्याच्या सकाळी ते वड्याचं संभाषण ऐकून मी तशीच वर गेले. काय करावं ते सुचेना. दुपार कलल्यावर सेक्रेटरी काकांनी येऊन निरोप दिलाच. बटाट्या काढा, नाहीतर बाद. मी खिडकीतून बघत होते. पोरं गोल उभी होती. सेनापती कमरेवर हात ठेवून काकांना काहीतरी सांगत होती, पण गंमत म्हणजे मला ऐकू येत नव्हतं. मी खाली धावले.

सेनापतीचा घसा बसला होता. आठवडाभराच्या गर्जना, वर चकल्या आणि फटाक्यांचा धूर. तोंड हलत होतं आणि आतून फक्त हवा येत होती.

"काढायचा का ताई बटाट्या?" एका पोरानं मला विचारलं.

मी काही बोलायच्या आत सेनापतीनं दोन्ही हातांनी नेढं झाकलं. मान जोरात हलवली. मग स्वतःच्या गळ्याकडे बोट, मग किल्ल्याकडे बोट, मग माझ्याकडे बोट.

"नाही," मी म्हटलं. "नाही नाही. मी खडीसाखर आणते. ज्येष्ठमध आणते. तुझा आवाज येईल. अजून वेळ आहे."

हेल्मेट घातलं आणि पळाले. या वेळी फोनवरून मागवलं नाही. गेटसमोरच्या दुकानात दिवाळीची हीऽ गर्दी, मी सगळ्यांच्या मधून हात घालून ओरडले, "ज्येष्ठमध!" वाणी दचकला. त्याच्याकडे ज्येष्ठमध नव्हता. मी पुढच्या चौकात गेले, तिथं आयुर्वेदिक दुकान पाडव्याची पूजा करून बंद. तिसऱ्या ठिकाणी मिळाला, तोवर दिवेलागण झाली होती. परत येते तर पार्किंगमध्ये माळा लागल्या होत्या, सगळी सोसायटी नवे कपडे घालून जमली होती. ए आणि बी बिल्डिंगचं परीक्षण आटोपून सर आमच्या किल्ल्यासमोर उभे होते. बाजूला सेक्रेटरी काका, हातात पेन.

ए बिल्डिंगच्या किल्ल्यात मोटर लावून धबधबा सोडला होता, हे मला येतानाच दिसलं होतं.

"सी बिल्डिंग," सर म्हणाले. "माहिती कोण सांगतंय?"

सेनापतीनं तोंड उघडलं. फुस्स. तिनं माझ्या हातातला ज्येष्ठमधाचा पुडा बघितला, मग मला बघितलं, आणि माझ्या पाठीला दोन्ही हात लावून मला ढकललं. मी सरांच्या समोर जाऊन थांबले.

"आपण?" सर म्हणाले.

मी मान हलवली.

"उत्तम. हेल्मेट काढलंत तर गड जरा जास्त स्पष्ट ऐकू येईल."

लोक हसले. मी हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटलेले, हातात पुडा, अंगात घरातला टी-शर्ट. समोर साड्या, झब्बे, अत्तराचा वास, आणि त्या सगळ्यांच्या मागे माझे आईबाबा. बाबांनी मोबाइल वर धरला होता. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. राजगड हा एक. राजगड हा पुणे जिल्ह्यातला एक. वाक्य जुळेना.

पण ती माहिती मला पाठ होती. आठवडाभर खिडकीतून ऐकलेली, कुठं श्वास घ्यायचा, कुठं पाय आपटायचा, सगळ्यासकट. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"ह्यो राजगड हाय!"

माझा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं. मी थांबले नाही. "महाराजांची पयली राजधानी! तीन माच्या अन् एक बालेकिल्ला! ही पद्मावती! ही संजीवनी! अन् ही सुवेळा, हिच्यावर हाय नेढं, लांबनं बघितलं तर आरपार आभाळ दिसतंय!" पाय आपटला. चप्पल निसटून सरांच्या बुटाजवळ गेली. मी डोळे उघडले नाहीत. एवढं ओझं उतरल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं. प्रत्येक वाक्याबरोबर मी हलकी होत होते, आणि लोक हसताहेत की टाळ्या वाजवताहेत तेही कळत नव्हतं. "ह्याचे दरवाजे तीन! ह्याचा तट बघायला दिवस पुरत न्हाय! बोला..." आणि पुढचा जयजयकार सगळ्या पार्किंगनं केला.

डोळे उघडले तेव्हा सेनापती दोन्ही गालांवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. तिचं तोंड उघडं होतं. तिच्या तोंडची भाषा माझ्या तोंडून बाहेर पडली होती, आणि ती खुशीनं जागच्या जागी उड्या मारत होती.

सर हसले नव्हते. त्यांनी माझी चप्पल पायानं अलगद माझ्याकडे सरकवली. मग वाकून नेढ्याकडे पाहिलं. बटाट्याचं तोंड त्यांच्या तोंडासमोर आलं. मिऱ्याचे डोळे, एक दात.

"माहिती चोख," सर म्हणाले. "आता हे काय आहे, तेवढं सांगा. सकाळीच निरोप धाडला होता. तरी हे इथंच आहे, म्हणजे काहीतरी कारण असणार. आमच्या इतिहासात बसेल असं कारण असेल तर सांगा, नाहीतर हे घ्या काढून आणि पुढं चला."

सेक्रेटरी काकांनी पेन उघडलं. बाबांचा मोबाइल अजून वरच होता.

तेवढ्यात सेनापती किल्ल्याकडे गेली. मला वाटलं, संपलं, ही त्याला काढणार. तिनं चिखलातून हात लांब करून बालेकिल्ल्यावरची तोफ धरली. सकाळी त्या वड्याच्या गडबडीत मी ती वळवायची विसरले होते, तोफ बटाट्यावरच होती. सेनापतीनं ती फिरवली. उसाकडे. मग माझ्याकडे बघून हनुवटी उडवली. बोल.

पुढं काय झालं ते आता सगळ्या सोसायटीला माहीत आहे. पहिला नंबर त्या धबधब्याला गेला. पण सरांनी कमिटीच्या लोकांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, आणि आमचाही किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला. सेक्रेटरी काका रोज गाडी लावताना पुटपुटायचे. सब्जा उगवला, चांगला बोटभर, आणि सगळ्या पार्किंगला तुळशीसारखा वास सुटला. एक रोप बटाट्याच्या ठिपक्यातूनही वर आलं. तो बटाट्या आता माझ्या टेबलावर आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मला फक्त सर दिसत होते, वाकलेले, उत्तराची वाट बघत. मी वाक्य जुळवलं नाही, तपासलं नाही. सेनापतीच्याच भाषेत, पण या वेळी डोळे उघडे ठेवून म्हटलं:

"सर, ह्ये शत्रूचं लेकरू हाय. वाट चुकून आमच्या गडावर आलंय. अन् आमच्या गडावर लेकराला कुणी हात लावत न्हाय."